बापाच्या सातबाऱ्यावर नाव लागलं, लगेच हक्कसोड कशासाठी?

कृष्णाकमळ

अण्णा गेले तेव्हापासून आमच्याकडे वारस नोंद रखडली होती. 2025 च्या जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांची यादी निघाली, फेरफार झाला आणि आता उताऱ्यावर आई, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी अशी पाच नावं आहेत. उतारा मोबाईलवर उघडून मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. याच शिवारात आम्ही बहिणींनी कांदे काढलेत, दारं धरलीत, पण कागदावर आमचं नाव कधी नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन. "ताई, एक दिवस तालुक्याला यावं लागेल. बहिणींची नावं कमी करायची आहेत." माझ्या होकाराचा प्रश्नच त्याच्या मनात नव्हता. तो वाईट नाही. अण्णांचं आजारपण त्यानं आणि वहिनीनंच काढलं. आमच्याकडे सगळेच असं करतात, म्हणून तोही करतोय.

हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा कागद. तो कसा होतो ते मी जवळून बघितलंय. आमच्या फ्लॅटच्या कामासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात बसले होते, तेव्हा शेजारच्या बाकावर एका जीपमधून आलेल्या तिघी बहिणी होत्या. सगळ्यांत थोरली सत्तरीची असेल. अंगठा मशीनवर नीट उमटेना, तर ऑपरेटर पुन्हा पुन्हा तिचं बोट पुसून दाबत होता. कष्टानं रेषाच झिजल्या होत्या. मग "मावशी, कॅमेऱ्याकडं बघा", फोटो. साहेबांनी विचारलं, "दस्तातला मजकूर मान्य आहे का? दबाव नाही ना?" तिनं आधी भावाकडं पाहिलं आणि मग मान हलवली. बाहेर आल्यावर भावानं तिघींना साड्या दिल्या, हॉटेलात जिलेबी खाऊ घातली. सगळे हसत होते, आणि ते हसू खोटंही नव्हतं. पण त्या साडीच्या बदल्यात किती एकर गेलं, हे त्या तिघींना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मला जमीन विकायची नाही. वाटा मोजून कुंपणही घालायचं नाही. माझं नाव तिथं राहावं, एवढंच म्हणणं आहे. तर घरात वातावरण असं की जणू मी भावाच्या ताटातलं ओढतेय. आई म्हणते, "माहेर तुटेल गं." ज्यांनी हा प्रसंग काढलाय त्यांनी सांगा. कायद्याचं सांगा आणि घरातलंही.

निंबोणी

सही करू नका ताई. निदान वर्षश्राद्धापर्यंत तरी कुठल्याही कागदावर नको. माणूस गेल्यावर घर हळवं असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत कागद पुढे येतात. माझ्या आत्याची सही दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी घेतली होती.

जिरायती

माझं मत इथं आवडणार नाही, तरी लिहितो.

आमची जमीन तीन एकर, सगळी पावसावर. बहीण दोन. दोघींची लग्नं बापानं कर्ज काढून केली. सोसायटीचं कर्ज आणि वर सावकाराचं. ते मी फेडलं, अजून थोडं फेडतोय. बोअर मारला तो माझ्या नावच्या कर्जावर. आईला दवाखान्यात नेतो तो मीच. बहिणींवर माझी माया आहे, त्या भाऊबीजेला येतात तेव्हा काही कमी पडू देत नाही. आता तीन एकरांचे तीन भाग केले तर एकाचंही पोट भरणार नाही.

दुसरी गोष्ट, सामाईक खातं असलं की पीककर्जाला सगळ्यांची संमती लागते. एक बहीण सुरतेला आहे. दर हंगामाला तिला कुठून आणू? आणि उद्या मेव्हण्यानं तिच्या नावावरचा भाग तिऱ्हाईताला विकला तर? आमच्या गावात असं झालंय. बांधावर अनोळखी माणूस येऊन उभा राहिला.

शहरातल्या लोकांना कायदा सोपा वाटतो. दहा-वीस गुंठ्यांवर जगणाऱ्याची अडचणही समजून घ्या.

काळा_कोट

तालुका कोर्टात वकिली करते. वाटपाचे दावे हेच माझं रोजचं काम. आधी कायदा कुठून कुठं आला ते सांगते, कारण गावात अजून 1956 चाच हिशोब चालतो.

समजा 12 एकर वडिलोपार्जित जमीन. वडील वारले, आई आधीच वारलेली, मागे दोन मुलगे आणि दोन मुली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलींना वारस केलं खरं, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क फक्त मुलग्यांचा राहिला. म्हणजे आधी वडील आणि दोन मुलगे असे तीन भाग, चार-चार एकर. मग वडिलांच्या चार एकरांत चौघं सारखे. मुलग्याला पाच एकर, मुलीला एक. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीचा वाटा मांडला तेव्हा किती गदारोळ झाला आणि शेवटी त्यांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं, हे आठवलं की त्या एका एकराचीही किंमत कळते.

महाराष्ट्रानं 1994 साली दुरुस्ती करून मुलीला जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलग्यासारखीच एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतली हिस्सेदार केलं, मात्र 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच घरातली थोरली बाहेर आणि धाकटी आत, असे किती दावे मी बघितलेत! 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. तरीही वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल वेगवेगळे येत राहिले. अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली रीतसर वाटणी किंवा विक्री मात्र या कायद्यानं मोडत नाही.

आज त्याच 12 एकरांत चौघांना तीन-तीन एकर. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तरी चौघांचा वाटा सारखाच.

कृष्णाकमळताई, भाऊ म्हणतात "नावं कमी करायची", पण सातबाऱ्यावरच्या नोंदीनं मालकी ठरत नाही. पूर्वी तलाठ्यापुढं जबाब घेऊन बहिणींची नावं काढत, किंवा "इतर हक्क" या रकान्यात ढकलत, आणि भावाच्या नावापुढं ए.कु.क., म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, असं लिहीत. अशा नोंदीनं बहिणीचा हिस्सा जात नाही. म्हणून तर नोंदणीकृत हक्कसोडीचा आग्रह धरला जातो. ती झाली की हिस्सा खरंच जातो. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर दिवाणी न्यायालयात जाता येतं, पण ते सिद्ध करायचं ओझं तिच्यावर, आणि समजल्यापासून तीन वर्षांच्या आत. साहेबांसमोर मान हलवलेली असते, फोटो असतो, साक्षीदार भावाचे मित्र असतात. अशा दाव्यात बाई एकटी पडते.

जिरायती दादा, तुमच्या तिऱ्हाईताच्या भीतीला कायद्यात उत्तर आहे. याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे वारसा हक्कानं आलेला हिस्सा कुणी विकायला काढला, तर इतर वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली स्पष्ट केलंय. बहिणीचं नाव कागदावर राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी तुकडे पडत नाहीत. जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा 1947 पासून आहेच. नाव राहतं, शेत तुम्ही कसता, बहिणीला खंड द्यायचा की धान्याचं पोतं, ते आपसात ठरवून लिहून ठेवता येतं.

उमाकाकू

मी नाशिक जिल्ह्यातली. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं त्याला मी गेले होते. कडेवर पोर, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. नजर पोचेल तिथवर बायकाच बायका. घराबाहेर रात्र काढायची पहिलीच वेळ होती कितीतरी जणींची. तिथं पहिल्यांदा उघड बोललं गेलं की शेतात निम्म्याहून जास्त काम बाई करते आणि उताऱ्यावर तिचं नाव नाही. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावात शंभर किंवा जास्त शेतकरी बायकोच्या नावावर जमीन करून देतील, त्या गावाचा सन्मान व्हायचा. कायद्याची बळजबरी नव्हती, सरकारचं अनुदानही नव्हतं.

आमच्या ह्यांनी दोन बिघे माझ्या नावावर केले. सासरे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. नंतर द्राक्षबागेच्या कर्जासाठी सोसायटीची सभासद झाले, सभेला जाऊन खुर्चीवर बसायला लागले. घरात वाद झाला की माझ्या मनात यायचं, मला हाकलून देता येणार नाही, उभं राहायला जागा आहे. भांडण तेवढंच व्हायचं, पण माझा आवाज बदलला होता.

पण पोरींनो, एक सांगते. बायकोच्या नावावर करायला तयार झालेली तीच माणसं बहिणीचं नाव काढायला कचेरीत जात होती. बायको आपल्या घरातली, बहीण परक्या घरची. हा हिशोब आमच्या आंदोलनालाही पुरता मोडता आला नाही.

गोंयकार

आमच्या गोव्यात हे वेगळं आहे, म्हणून थोडं लिहितो. पोर्तुगीज नागरी संहिता 1867 ची. तिच्यापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे आई-वडिलांना आपल्या मिळकतीतला फक्त अर्धा भाग मर्जीनं कुणालाही देता येतो. उरलेला अर्धा मुलगा-मुलगी सगळ्यांचा सारखा राखीव, मृत्युपत्र करूनही तो काढून घेता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, आणि घर-जमीन विकायची तर दोघांची सही लागते. माझ्या आजीनं वाडवडिलांच्या घराच्या कागदावर पोर्तुगीजमध्ये सही केलेली आहे.

म्हणून आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही. एका घराला वीस-पंचवीस वारस आणि कौलं गळतायत, अशी घरं प्रत्येक वाड्यावर दिसतील. बहिणींवर हक्क सोडायचा दबाव इथंही येतो. पण मुलीला वाटा "द्यायचा का", हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तिचा तो असतोच. मला वाटतं, चार-पाच पिढ्या कायदा एकच राहिला की तो सवयीचा होतो.

सातपुडा

चर्चेत एक सुटलंय. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, कलम 2 मध्येच तसं आहे. आमच्या नंदुरबारकडच्या पाड्यांवर मुलीला विचारायला गेलात तर सांगतील, रूढीप्रमाणे जमीन पोरांची. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला की मुलीला नाकारणारी रूढी सिद्ध केली नाही, तर तिला समान हिस्सा. मोठी गोष्ट आहे. पण वनहक्काचे दावे भरताना मी पाहतो की 2006 च्या कायद्यात नवरा-बायको दोघांच्या नावानं पट्टा द्यायचं स्पष्ट लिहिलेलं असूनही बाईचं नाव विचारल्याशिवाय कुणी लिहीत नाही. रकाना असतो, तो रिकामा ठेवतात.

जिरायती

काळा_कोट ताई, कलम 22 चं मला माहीत नव्हतं. धन्यवाद. पण लग्नाच्या खर्चाचं काय? त्यांना त्यांचा वाटा लग्नात मिळाला, असंच आम्ही धरतो.

निंबोणी

दादा, रागावू नका, मनापासून विचारते. लग्नाचा खर्च कुणाच्या हातात गेला? मंडपवाला, आचारी, मानपान, नवऱ्याच्या घरची गाडी. बहिणीच्या नावावर त्यातलं आज काय उरलंय? हुंडा तर 1961 पासून गुन्हा आहे, तो तिचा वाटा म्हणून कसा मोजायचा? आणि तुमच्या लग्नात खर्च झाला तेव्हा तुमच्या वाट्यातून किती गुंठे कमी केले?

माळरान

मी भाऊ आहे आणि आमच्याकडे हे सुरळीत झालं, म्हणून लिहितो.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले, साडेचार एकर. दोघी बहिणींना मीच म्हणालो, तुमचं नाव राहू द्या. थोरलीला पैशांची गरज होती, पोराच्या शिक्षणाची. मग रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला भाव काढला, तिचा हिस्सा मी विकत घेतला आणि रक्कम हप्त्यांनी दिली. खरेदीखत केलं. हक्कसोड केली असती तर मुद्रांक किरकोळ लागला असता, तरी दस्तात तिला पैसे मिळाले हे लिहिलेलं असावं असं मला वाटलं. धाकटीचं नाव अजून आहे. ज्वारी-तूर निघाली की तिच्या घरी पोचते.

यात पुढाकार माझ्या बायकोचा. तिच्या माहेरी तिची सही घेतली होती. ती म्हणाली, "माझ्यावर झालं ते तुमच्या बहिणींवर माझ्या घरातून नको." आपण प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ आहोत आणि कुणाचा तरी नवरा. बायकोच्या माहेरचा वाटा आला तर चालतो आणि बहिणीनं मागितला तर माहेर तुटतं, असं एकाच तोंडानं बोलता येत नाही.

बहिणी अजून येतात. पूर्वी येऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात शिरायच्या, आता आधी रानात चक्कर मारतात. मोटारीचं बिल किती आलं विचारतात. मला ते आवडतं.

रोहिणी_डोंबिवली

जमिनीचा विषय चालू आहे, पण फ्लॅट आणि बँकेतल्या पैशांचंही बघा. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, नवरा नाही, मूलबाळ नाही, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क लागतो. आई-वडील त्यांच्या मागे. 2009 साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात नारायणीदेवी नावाच्या विधवेची हकिकत आहे. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. ती गेली तेव्हा सगळी पुंजी नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. शिकवणाऱ्या आईला नाही. न्यायालय म्हणालं, सहानुभूती आहे, पण कायदा असा आहे.

माहेरून वारशानं आलेली मिळकत मात्र अशा वेळी माहेरच्या वारसांकडे परत जाते. तेव्हा "जमीन जावयाच्या घरी जाईल" ही भीती घालणाऱ्यांना हेही सांगा. आणि प्रत्येकीनं साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. वयाची वाट बघू नका.

कृष्णाकमळ

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. माळरान दादा, तुमचं लिहिणं भावाला जसंच्या तसं पाठवलं. जिरायती दादा, तुमचंही पाठवलं, कारण त्याच्या मनातलं तुम्ही त्याच्यापेक्षा नीट मांडलंय.

रविवारी गावी गेले. भावाला म्हटलं, तू अण्णांचं केलंस त्याचं मोल आहे, ते मोल आपण बसून ठरवू. माझ्या हिश्शातून द्यायचं असेल तर मी देईन. पण ते मोजून, बोलून आणि माझ्या मनानं. तालुक्याला नेऊन, साडी देऊन नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पीककर्जाचं काय करायचं तेवढं सांग, खरिपाच्या आत पैसे लागतात. वहिनी चहा घेऊन आली आणि तिथंच बसली. तिनं पहिल्यांदाच विचारलं की तिच्या माहेरच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का ते मोबाईलवर बघता येईल का. आम्ही बघितलं. तिच्या वडिलांचंच नाव आहे अजून, ते जाऊन बरीच वर्षं झाली तरी.

थोरल्या भावाचा मात्र आग्रह कायम आहे. त्यानं लेखनिकाकडून मसुदा करून ठेवलाय. काळा_कोट ताई, मी सही न करता धाकट्याला कर्ज काढायला मदत कशी करू? आणि त्या मसुद्यात काय बघायचं?

काळा_कोट

कर्जासाठी हक्कसोड लागत नाही. सामाईक खातेदार म्हणून संमतीपत्र द्या. दर हंगामाला येणं जमत नसेल तर धाकट्या भावाच्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र करा. शेत कसणं, पीककर्ज, पीकविमा, वीजजोडणी एवढीच कामं त्यात लिहायची. विक्री, बक्षीस, हक्कसोड आणि वाटपाचा अधिकार देत नाही, हे वाक्य स्वतंत्र टाकायचं. मुदतही घाला. छापील नमुने घेऊ नका, त्यांत "सर्व प्रकारचे व्यवहार करण्याचा अधिकार" असं एक ओळीत घुसवलेलं असतं.

मसुदा कचेरीत उभ्यानं वाचायचा नाही, आदल्या दिवशी मागून घ्यायचा. गट नंबर सगळे तपासा. शेताबरोबर गावठाणातलं घर आणि विहिरीचा हिस्सा त्याच कागदात गुंडाळतात. 2005 च्या आधी राहत्या घराच्या वाटणीची मागणी मुलीला करता येत नव्हती, ते कलम आता गेलंय, तेव्हा घरातही तुमचा हिस्सा आहे. "मोबदला मिळाला" असं लिहिलं असेल आणि मिळाला नसेल तर ते वाक्य राहू द्यायचं नाही.

आणि पहिलं पान उघडल्यावर "लिहून देणार" या सदराखालची नावं मोजा. चर्चा सगळी बहिणींची चालते आणि आईची सही त्याच कागदावर घेतली जाते. तुमच्या आईचाही वाटा आहे. ती आज मुलाच्या घरात आहे, उद्या कुणाच्या दारात असेल ते तिलाही माहीत नाही. तिचं नाव तिथं दिसलं, तर तुमच्या हिश्शाचं बोलणं नंतर करा, आधी तिच्या सहीचं करा.